परकीय भाषांची पदवी घ्यायची आहे? विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन, स्पॅनिश या भाषांबद्दल चौकशी सुरू होते. भाषा शिकवताना वर्षानुवर्षं जे प्रश्न कानावर येत राहिले, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. प्रवेशाच्या तारखा आणि फी दर वर्षी बदलते. ती त्या-त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच पाहावी.

भाषेचा क्लास आणि भाषेची पदवी यांत फरक काय?

क्लासमध्ये तुम्ही भाषा वापरायला शिकता: तिकीट काढणं, मेल लिहिणं, मुलाखत देणं. पदवीत हे सगळं असतंच, पण ते पहिल्या वर्ष-दीड वर्षात आटोपतं. त्यानंतर त्या भाषेतून शिकायला सुरुवात होते. कविता, कादंबरी, नाटक, त्या समाजाचा इतिहास, भाषाविज्ञान, अनुवाद असे विषय असतात, आणि निबंधही त्याच भाषेत लिहावा लागतो. दोन्हींचं काम वेगळं आहे, म्हणून दोन्हींची तुलना करून एकाला कमी लेखू नये. जर्मनीत परिचारिका म्हणून जायचं असेल तर साधारण बी२ पातळीची (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीची) परीक्षा लागते. ती चांगल्या क्लासमधून होते, त्यासाठी तीन वर्षांची पदवी घेण्याची गरज नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबद्दल करार केला आणि जर्मनच्या वर्गांकडे ओघ वाढला. तिथे येणाऱ्या बहुतेकांची गरज व्यवसायापुरत्या भाषेची आहे.

पदवी कोणी घ्यावी? ज्याला वाचायला मनापासून आवडतं आणि जो एका परक्या समाजाबरोबर काही वर्षं राहायला तयार आहे, त्याने. माझ्या अनुभवात पदवीच्या दुसऱ्या वर्षी गळणारी मुलं हुशारीत कमी नसतात. त्यांना फक्त बोलायला शिकायचं असतं आणि समोर अचानक अठराव्या शतकातलं नाटक येतं. हे आधी कळलं असतं तर त्यांचा वेळ वाचला असता, म्हणून हा प्रश्न सर्वांत आधी घेतला.

बारावीपर्यंत ती भाषा घेतलेली नव्हती. चालेल का?

अनेक ठिकाणी चालतं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत, परकीय भाषांचं बीए ऑनर्स अगदी मुळाक्षरांपासून सुरू होतं. प्रवेश सीयूईटी या सामायिक परीक्षेतून होतो आणि शाखेची अट नाही, म्हणजे विज्ञान शाखेची मुलंही जातात. आपल्याकडच्या कॉलेजांत बीएला जर्मन किंवा फ्रेंच मुख्य विषय घ्यायचा असेल तर मात्र काही ठिकाणी आधीची ओळख अपेक्षित असते. पुण्यामुंबईत बरीच मुलं अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून जर्मन किंवा फ्रेंच घेतात. गुण चांगले पडतात असा त्यामागे समज असतो. त्या गुणांवर भाषा आली असं धरून पदवीच्या वर्गात बसू नका. दोन वर्षांची ती ओळख फार तर ए१-ए२ पातळीपर्यंत नेते.

शिकायला जायचं कुठे?

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत आहे, म्हणून सगळे त्याला ‘रानडे’ म्हणूनच ओळखतात. सर्टिफिकेट, डिप्लोमा, अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा अशा पायऱ्या चढत पुढे एमएपर्यंत जाता येतं. हे पायऱ्यांचे वर्ग अर्धवेळ असल्यामुळे दिवसा कॉलेज किंवा नोकरी करणारे शेकडो लोक तिथून भाषा शिकले. कुठल्याही पदवीधराला तिथून भाषेकडे वळता येतं, ही या व्यवस्थेची सर्वांत चांगली बाजू.

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात जर्मन, फ्रेंच आणि रशियनचे विभाग आहेत. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज आणि फ्रेंच शिकता येतं. पोर्तुगीजसाठी गोव्यासारखी जागा आपल्या आसपास दुसरी नाही, कारण तिथे ती भाषा वर्गाबाहेरही आहे: जुन्या घरांत, दस्तऐवजांत, आजी-आजोबांच्या बोलण्यात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही जर्मन, फ्रेंच, रशियन हे विषय आहेत. तिथल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांना त्यासाठी शहर सोडावं लागत नाही.

पूर्ण वेळ आणि खोलवर शिकायचं असेल तर दोन नावं पुढे येतात. एक जेएनयू, जिथे चिनी, जपानी, कोरियन, अरबी, फारसी, पश्तू, रशियन, स्पॅनिश, जर्मन, फ्रेंच अशा भाषांची स्वतंत्र केंद्रं किंवा अभ्यासक्रम आहेत. दुसरं हैदराबादचं इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ, ज्याला सगळे इफ्लू म्हणतात. १९५८ मध्ये इंग्रजीची संस्था म्हणून ते सुरू झालं आणि २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झालं. सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या मुलांना हैदराबाद पुण्याइतकंच सोयीचं आहे, तरी या विद्यापीठाचं नाव तिकडच्या कॉलेजांत फारसं कोणी सांगत नाही. शिक्षकांनी ते सांगायला हवं.

कोणती भाषा निवडू? सगळ्यात ‘स्कोप’ कशाला आहे?

स्कोप बघून भाषा निवडली तर दुसऱ्या वर्षापर्यंत दम टिकत नाही. त्या भाषेतलं तुम्हाला काय वाचायचं, ऐकायचं, पाहायचं आहे, ते आधी ठरवा. तरीही हा प्रश्न व्यवहाराचा आहे, म्हणून मला जे दिसतं ते सांगते.

जर्मनला पुण्यात मोठी परंपरा आहे. शिक्षक, ग्रंथालय, माक्स म्युलर भवन हे जर्मन भाषा-संस्कृतीचं केंद्र, सगळं जवळ आहे आणि चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझसारखे कारखाने आहेत. जपानीचीही पुण्यात मोठी शिकणारी मंडळी आहेत. सिंहगड रस्त्यावरची पुणे-ओकायामा मैत्री बाग ही दोन शहरांच्या नात्याची खूण आहेच, पण रोजच्या कामाची गोष्ट म्हणजे जपानी कंपन्या आणि आयटीतला अनुवाद. जपानीला वेळ मात्र खूप द्यावा लागतो. नेहमीच्या वापरासाठी म्हणून जपान सरकारने ठरवलेल्या यादीतच २,१३६ कांजी चिन्हं आहेत. कोरियनची लिपी आठवड्याभरात वाचता येते. पंधराव्या शतकात राजा सेजोंगच्या काळात सामान्य माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणूनच ती मुद्दाम घडवली गेली. कोरियनची अडचण पुढे सुरू होते, क्रियापदांच्या आदरार्थी रूपांत.

फ्रेंच निवडताना फक्त पॅरिस डोळ्यांपुढे आणू नका. सेनेगल, अल्जीरिया, कॅनडातलं क्वेबेक, कॅरिबियन बेटं हा सगळा फ्रेंचचा मुलूख आहे आणि आजच्या विद्यापीठांत तो अभ्यासाचा मोठा भाग आहे. स्पॅनिशचंही तसंच: स्पेनपेक्षा लॅटिन अमेरिका कितीतरी मोठी आहे. रशियनकडे सध्या मुलं कमी येतात, याचं मला वाईट वाटतं. मराठी माणसाला रशियन व्याकरण इंग्रजीच्या मानाने फार ओळखीचं वाटतं आणि साहित्याची खाण तर अफाट आहे.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं, इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल, आणि काही बाबतीत तुम्ही इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या पुढे असाल. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, मराठीतही तीनच आहेत. कुठली वस्तू कुठल्या लिंगाची हे वेगळं पाठ करावं लागतं, पण टेबलाला लिंग का असावं, असा प्रश्न मराठी मुलाला पडत नाही. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत, जर्मनमध्ये चार. शाळेत प्रथमा ते संबोधन घोकलेलं असेल तर त्याचा इथे उपयोग होतो. ‘मला थंडी वाजते’ ही रचना रशियन आणि जर्मन दोन्हींत जवळजवळ अशीच, चतुर्थीने होते. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय नामानंतर लागतात, म्हणजे वाक्य मराठीच्याच वळणाने जातं. ‘चाक’मधला च म्हणता येत असेल तर जर्मन आणि रशियनमधला ‘त्स’ आपसूक येतो. जर्मनमधले ओठ गोल करून काढायचे स्वर आणि फ्रेंच ‘र’ यांची मात्र सगळ्यांनाच मेहनत करावी लागते.

इंग्रजीची अडचण दुसरीकडे येते. शब्दकोश, व्याकरणाची पुस्तकं आणि संदर्भग्रंथ बहुतेक इंग्रजीत आहेत, म्हणून पहिल्या वर्षी वाचण्यापुरतं इंग्रजी सुधारावं लागतं. बोलण्याच्या इंग्रजीची लाज बाळगायचं कारण नाही. चांगले शिक्षक वर्गात शिकवायची भाषाच बोलतात, इंग्रजी नाही. आणि लिंगाचा घोळ झाला की मी मुलांना मराठीतच उदाहरण द्यायला सांगते.

किती वर्षांत भाषा येते?

युरोप परिषदेने (काउन्सिल ऑफ युरोप) २००१ मध्ये मांडलेली ए१ ते सी२ ही सहा पायऱ्यांची मोजपट्टी आता सगळीकडे वापरतात. जर्मनसाठी बी२ला येईपर्यंत साधारण ६०० ते ८०० तासिका धरतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा हिशोब प्रसिद्ध आहे: स्पॅनिशला सुमारे ३० आठवडे, जपानी, चिनी, कोरियन आणि अरबीला ८८ आठवडे. हा हिशोब इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी आणि दिवसभर दुसरं काही न करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आहे, हे लक्षात ठेवा. नीट अभ्यास केला तर तीन वर्षांच्या पदवीनंतर युरोपीय भाषेत बी२च्या आसपास, जपानीत एन३ किंवा एन२पर्यंत जाता येतं. जपानीची जेएलपीटी परीक्षा एन५ (सर्वांत सोपी) ते एन१ (सर्वांत अवघड) अशा पातळ्यांवर, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. त्यात बोलण्याची परीक्षा नसते, म्हणून नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबून मुलाखतीला जाऊ नका.

संस्कृतीचा पेपर म्हणजे सणवार आणि खाद्यपदार्थ का?

सुरुवातीला थोडं तसं असतं, पण तिथेच थांबणारा अभ्यासक्रम कमकुवत समजावा. खरा पेपर वेगळा असतो. उदाहरणार्थ, १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार केला. कारखान्यांसाठी आलेले लोक तिथेच राहिले आणि त्यांची मुलं-नातवंडं जर्मनमध्ये लिहू लागली. आजचं जर्मन साहित्य त्यांच्याशिवाय शिकवताच येत नाही. फ्रेंचमध्ये अल्जीरियाचं १९५४ ते १९६२ चं युद्ध समजून न घेता गेल्या पन्नास वर्षांतल्या कादंबऱ्या कळत नाहीत. जपानीत १८६८ नंतरचं मेइजी पर्व घ्यावं लागतं. परक्या शिक्षणपद्धतीचं काय उचलायचं आणि आपलं काय ठेवायचं, हा वाद तिथेही झाला आणि एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातही झाला. हे दोन वाद शेजारी ठेवून वर्गात बोलता आलं, तर मुलं एरवी गप्प असतात ती बोलू लागतात.

याची उलटी बाजूही सांगायला हवी. हायडेलबर्ग विद्यापीठाचे ग्युंथर-दिएट्झ सोंथायमर (१९३४-१९९२) मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर गेले, बिरोबा, म्हसकोबा, खंडोबाच्या ओव्या गोळा केल्या आणि त्यांवर आयुष्यभर काम केलं. परक्या संस्कृतीचा अभ्यास किती खोल जाऊ शकतो, हे बघायला लांब जायची गरज नाही. जेजुरीला येणाऱ्या भाविकांबद्दल एका जर्मन माणसाने लिहिलेलं वाचलं की पुरे. जर्मनीतल्या धनगरांबद्दल, शेतकऱ्यांबद्दल, कामगारांबद्दल मराठीत असं काम कोणी केलं, असं मी विद्यार्थ्यांना दर वर्षी विचारते.

मला इतिहासाची आवड आहे. परकीय भाषेचा काही संबंध?

फार जवळचा आहे, आणि याच प्रश्नावर सर्वांत जास्त बोलायला मला आवडतं. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं एका भाषेत नाहीत. मोडी लिपी तर हवीच. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले बहुतेक कागद मोडीत आहेत, आणि १९१० मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं. मोगल दरबाराची बातमीपत्रं फारसीत आहेत. पोर्तुगीजांचा पत्रव्यवहार पणजीच्या पुराभिलेखागारात आहे आणि पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४-१९६९) यांनी आयुष्य वेचून त्यातलं मराठ्यांबद्दलचं साहित्य बाहेर काढलं. डच कंपनीचे कागद हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रांस्वा मार्तँ याच्या लेखनात शिवाजी महाराजांच्या १६७७ च्या दक्षिण मोहिमेच्या नोंदी आहेत.

आता बघा: मराठी मातृभाषा, मोडी वाचता येते आणि त्यावर डच किंवा पोर्तुगीज येतं, अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. इतिहासावर समाजमाध्यमांत हिरिरीने भांडणाऱ्या तरुणांपैकी दहाजणांनी जरी फारसी किंवा पोर्तुगीज शिकायला घेतली, तरी पुढच्या वीस वर्षांत संशोधनाला बळ येईल. फारसी जेएनयू आणि अलीगढमध्ये पदवीपासून शिकता येते. सतराव्या शतकातला पोर्तुगीज हस्ताक्षरातला कागद वाचणं हे वेगळं कौशल्य आहे, आधी आजची भाषा पक्की करावी लागते. म्हणून लवकर सुरुवात करा.

परदेशी जायची संधी मिळते का?

मिळते, आणि इथे पदवीचा थेट फायदा दिसतो. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीत ‘जपानी अभ्यास’ असा एक प्रकार आहे. तो फक्त पदवीला जपानी भाषा-संस्कृती शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी असतो आणि साधारण एक वर्ष जपानी विद्यापीठात शिकता येतं. क्लासमधून एन२ झालेल्याला तो मिळत नाही. जर्मनीसाठी डाड (डीएएडी) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या शिष्यवृत्त्या आहेत.

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं. शिवाय राहण्याखाण्याच्या खर्चाची हमी म्हणून बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट, ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) पैसे दाखवावे लागतात. २०२४ च्या शेवटी ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो होती. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ असं सांगणाऱ्या एजंटला हा आकडा विचारा.

नोकरी कुठे?

अनुवाद, कंपन्यांमधलं भाषेचं काम, शिक्षण, पर्यटन, दूतावास आणि सांस्कृतिक संस्था. कॉलेजात शिकवायचं असेल तर एमएनंतर यूजीसी-नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा जर्मन, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, जपानी, चिनी, अरबी, फारसी या विषयांत देता येते. अजिंठ्याला जपानी पर्यटक येतात, म्हणून छत्रपती संभाजीनगरला जपानी बोलणाऱ्या मार्गदर्शकांना काम असतं. दुभाषाचं काम बाहेरून चमकदार दिसतं, पण फार थकवणारं आहे. समांतर भाषांतरात, म्हणजे वक्ता बोलत असतानाच केलेल्या भाषांतरात, दोन दुभाषे अर्ध्या अर्ध्या तासाने आळीपाळीने बोलतात, कारण त्याहून जास्त वेळ एकाच डोक्याला ते झेपत नाही.

नुसत्या भाषेवर सुरुवातीचा पगार इंजिनीअरइतका मिळेल, असं मी कुणाला सांगणार नाही. भाषेबरोबर कायदा, लेखा, यंत्रांची माहिती किंवा संगणक यांतलं एक काहीतरी जमवलं की चित्र बदलतं.

यूपीएससीला उपयोग होतो का?

वैकल्पिक विषय म्हणून नाही, कारण आता त्या यादीत इंग्रजी सोडून परकीय भाषांचं साहित्य नाही. परराष्ट्र सेवेत निवड झाली तर मात्र प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकीय भाषा शिकावीच लागते.

आता यंत्र भाषांतर करतं. मग इतकी वर्षं कशाला घालवायची?

साध्या माहितीपत्रकांचा अनुवाद यंत्र करतं आणि पुढेही करेल. हे काम कमी झालं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण करारातल्या एका वाक्यामुळे कुणावर काय जबाबदारी येते, रुग्णाने सांगितलेलं दुखणं डॉक्टरपर्यंत बरोबर पोहोचलं का, कवितेतला सूर उतरला का, हे तपासायला दोन्ही भाषा आतून माहीत असलेला माणूस लागतो. यंत्राची चूक ओळखायची तर बी१ पुरत नाही, सी१ लागतं. मधल्या पातळीवर थांबणाऱ्यांची अडचण होणार आहे, म्हणून शिकायचं तर पुरतं शिका.

इंजिनीअरिंग, कॉमर्स करता करता भाषा शिकता येईल?

हो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर बऱ्याच कॉलेजांत परकीय भाषा गौण विषय किंवा खुला वैकल्पिक विषय म्हणून श्रेयांकांसह (क्रेडिट) घेता येते. नाहीतर संध्याकाळचे डिप्लोमा वर्ग आहेतच. गावात सोय नसेल तर इग्नूची काही भाषांची प्रमाणपत्रं आहेत.

वयाची अट?

सर्टिफिकेट-डिप्लोमाला व्यवहारात नाही. निवृत्त मंडळी वर्गात असली की वर्ग चांगला चालतो, कारण ती गृहपाठ करून येतात.

हे सगळं शिकून मराठीला काय मिळणार?

मराठीत जगभरचं साहित्य पुष्कळ आलं, पण त्यातलं बरंचसं इंग्रजीमार्गे आलं. रशियन किंवा जपानी लेखकाचं वाक्य आधी इंग्रजीत बसतं आणि मग मराठीत, त्यामुळे त्याचा मूळ ठेका वाटेतच हरवतो. मूळ भाषेतून थेट मराठीत आणायला पदवी-पातळीचं ज्ञान लागतं आणि आपल्याकडे ते आहे. पुण्यातून निघणारं ‘केल्याने भाषांतर’ हे त्रैमासिक नेमकं हेच काम करत आलं आहे. एमएचा प्रबंध म्हणून एखादी कथा थेट मराठीत आणण्याची मुभा तुमच्या विभागात आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. काही विभागांत ती आहे, काही ठिकाणी आग्रह धरावा लागतो.

प्रवेशाआधीच्या सुट्टीत काय करू?

त्या भाषेची लिपी किंवा उच्चार शिकून घ्या. रोज अर्धा तास ती भाषा नुसती ऐका, कळली नाही तरी. त्या भाषेतल्या दोन-तीन कादंबऱ्या मराठी अनुवादात वाचा. आणि मराठी व्याकरणाचं शाळेचं पुस्तक पुन्हा काढा: विभक्ती, प्रयोग, काळ, अर्थ. पहिल्या सत्रात या चार गोष्टी पुन्हा समजावून सांगण्यात वर्गाचे जितके तास जातात, तितके दुसऱ्या कशातही जात नाहीत.